तिरपे घुबड

पूर्वी एका सराफाच्या तबकात घुबडाची छाप असलेली, जुनी ग्रीक म्हणून घेतलेली चांदीची नाणी होती. त्या दिवशी पारखी येणार होता, आणि खोटे ठरेल ते नाणे भट्टीत जाणार होते.

एका नाण्यावरचे घुबड तिरपे उमटले होते, शेपटी कडेबाहेर गेलेली. बाकीची नाणी हुबेहूब सारखी होती.

“आमच्याकडे बघ, मग स्वतःकडे बघ,” ती नाणी तिरप्याला म्हणाली. “तूच आधी वितळणार.”

तिरपे नाणे भीतीने कोपऱ्यात सरकले.

पारख्याने भिंग लावले. “शेठ, हाताने ठोकलेली नाणी इतकी सारखी नसतात. तिरपं तेवढं खरं. बाकीची एकाच साच्यात ओतलेली आहेत.”

एकेक नाणे भट्टीत पडू लागले.

“सगळ्यांसारखं असलं की धोका नाही, असं वाटलं होतं रे,” शेवटचे नाणे कुजबुजले.

तिरपे नाणे काही बोलणार, तोच चिमटा आला आणि त्या शेवटच्या नाण्याला उचलून घेऊन गेला.