शेटची सुरी

लेकीला बाळंतपणाला आणायला घाट ओलांडायचा होता, म्हणून गाडीचे टायर बदलायला गेलो. ऐपत दोनच टायरांची. दुकानदार रेवणशेट खुर्चीतूनच म्हणाला, “आबा, चारही बाद. लेकीचा जीव घ्यायचाय का?”

त्याच्या दारात लोकांचे काढलेले जुने टायर पुसून विकायला मांडलेले होतेच.

मी म्हणालो, “बरं, चारही नवे घाल. पण माझे जुने माझ्यासमोर सुरीनं फाड. उगाच दुसऱ्या कुणाची लेक मरायला नको.”

पुढच्या दोघांत शेटनं खसकन सुरी घातली. मागच्यांपाशी हात अडला. “हे… हे चालतील की अजून वर्षभर.”

“मग माझ्याच गाडीला चालू देत!”

घाट उतरलो तेव्हा लेक मागच्या सीटवर घोरत होती. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.