आरशामागच्या टिकल्या

“...तर मग महाराज, हे वैराग्यच झालं ना?”

दिगंबरपंत निफाडकरांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मिशीवर विटांचा चुरा होता आणि बाथरूमच्या जागी नुसतं भगदाड. पंत म्हणजे एसटीचे रिटायर डेपो मॅनेजर. वैराग्यावर असे बोलायचे, की ऐकणाऱ्यालाच वैराग्य यावं.

धोंडगीर महाराजांनी बसायला जागा शोधली. खुर्च्यांवर धूळ. उखडलेला कमोड पॅसेजमध्ये ठेवला होता. महाराजांनी त्याचं झाकण लावलं आणि वर मांडी घातली.

“महाराज, ते...”

“बसायचीच वस्तू ना? हं, कसलं वैराग्य म्हणालास?”

“आमच्या हिचं, कुमुदचं वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावला. तिच्या आवडीच्या गुलाबी टाइल्स, तिचा कपडे धुवायचा कट्टा... सगळं फोडलं. काही वाटलं नाही.”

“वा. मग मला कशाला बोलावलंस? राडारोडा उचलायला?”

पंतांनी मिशीवरचा चुरा झटकला.

उत्तर दिलं ते रफिक मिस्त्रीनं, बशीतला चहा फुंकत. “बाबा, आरसा काढला तेव्हापासून काका हातोडा लावू देईनात. सकाळपासून आपला चहाच चाललाय.”

महाराज उठून आत गेले.

एकच भिंत उभी होती. तिच्यावर आरशाच्या जागेचा चौकोन, आणि चौकोनात टिकल्याच टिकल्या. लाल, मरून, एखादी हिरवी. आंघोळीला जाताना बायका कपाळावरची काढून भिंतीला लावतात, तशा.

“आधी आरशावरच लावायची,” पंत म्हणाले. “मी ओरडायचो. आरसा म्हणजे काय तुझं कपाळ आहे? लग्न झाल्यापासून ओरडत होतो.”

“मग?”

“मग एकदाच्या बंद झाल्या. मला वाटलं... पाहुण्यांना सांगायचो मी. म्हटलं, उशिरा का होईना, वळण लागलं बाईला.”

रफिकनं बशी खाली ठेवली.

वळण कसलं लागतंय. एका हातानं आरसा उचलून धरायचा, दुसऱ्या हातानं मागे टिकली लावायची, आरसा पुन्हा सरळ करायचा. स्वतःच्याच घरात, चोरासारखं. मॅनेजरसाहेबांना डेपोतली एकेक गाडी ठाऊक असायची. हे मात्र आज सकाळी कळलं, आणि आता ‘तसं नको गं’ म्हणायला समोर माणूस नव्हतं.

“तुम्ही फोड म्हणा, महाराज. मी फोडतो.”

“फोड.”

महाराजांनी हातोडा हातात दिलासुद्धा. पंतांनी तो वर नेला. तो वरच राहिला, ड्रायव्हर न आलेल्या गाडीसारखा.

...

महाराजांनी नखानं एक मरून टिकली अलगद सोडवली. पॅसेजमध्ये नव्या टाइल्सचे खोके होते. त्यातली एक काढली. पांढरी, तोंड दिसेल अशी चकचकीत, पंतांनी दहा दुकानं फिरून निवडलेली. महाराजांनी टिकली तिच्यावर बरोबर मधोमध लावली.

पडली. डिंक कधीच सुकला होता.

पुन्हा लावली. पुन्हा पडली. रफिकला हसू फुटणार होतं, पण पंतांचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

पंतांनी हातोडा खाली ठेवला. टिकली उचलली, टाइलवर ठेवली, आणि अंगठ्यानं दाबून धरली. टाइलमध्ये त्यांचाच चेहरा होता. धुळीनं भरलेला, एकदम म्हातारा.

“महाराज, अंगठा काढला की पडेल ही.”

“मग काढू नकोस.”

“असं कुठवर...”

महाराज परत कमोडवर जाऊन बसले.

“दिगंबर, नवी टाइल खराब झाली बघ. रागाव कुमुदला.”