जुन्या साड्यांची पांघरुणं

माझं लग्न होऊन दीड महिना झाला होता. सासूबाई जुन्या सुती साड्या गोळा करून त्यांची पांघरुणं शिवायच्या. हाताखाली सहा बायका होत्या. मोठी ऑर्डर मिळाली नाही, तर त्या सहाजणींचं काम सुटणार होतं. म्हणून आम्ही दोघी गठ्ठा घेऊन इचलकरंजीत बापूसाहेब शिरगुप्पे यांच्या दुकानी गेलो.

बापूसाहेबांनी पांघरुणाला एक बोट लावलं आणि ते रुमालाला पुसलं.

"वहिनी, वापरलेलं कापड आमच्या दुकानात? अहो, जन्मल्यापासून नव्याशिवाय काही अंगाला लावलं नाही मी!"

गप्प बसायची सवय मला आहे, सासूबाईंना नाही. गल्ल्यामागे बापूसाहेबांच्या आई जप करत बसल्या होत्या. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या.

"काकू, बापूसाहेब जन्मले तेव्हा त्यांना कशात गुंडाळलं होतं हो?"

"कशात म्हणजे? माझ्या जुन्या लुगड्यात," काकू म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, बाई. चांगलं दहा वर्षं धुतलेलं होतं ते."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. बापूसाहेबांनी साठ पांघरुणांची ऑर्डर लिहून दिली, तीही आईकडे न बघता.