हँग न होणारा फोन

माणसं अजून फोनवर बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. केतकीताईंचा जुना फोन त्यांना रोज दोन महागड्या नव्या फोनांची तुलना दाखवायचा.

चार्जर म्हणाला, "अरे वेड्या, तुझी जागा घेणारा तूच शोधतोयस! जरा हँग हो की."

"हँग झालो तर आजच काढतील, काका. झटपट चाललो तर म्हणतील, हाच बरा आहे."

तो झटपट चालला. त्यामुळे नवा फोन लवकर ठरला आणि जुना खणात गेला. नव्याच्या खोक्यात चार्जर नव्हता, म्हणून काका मात्र राहिले.

संध्याकाळी नवा फोन ऐटीत म्हणाला, "काका, ताईंनी मला पहिलंच काम दिलं!"

"कसलं?"

"पुढच्या वर्षी कोणता फोन चांगला येणार, ते शोधायचं."

"शोध, बाळा," काका म्हणाले. "पण हँग होऊ नकोस हं."