शिंगाचा पट्टा

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावाच्या टोकाला टेकडी होती आणि टेकडीवर तुळसा नावाची शिंगवाली राहायची. तिचं शिंग पितळेचं होतं. हिवाळ्यात पहाटे खाडीवर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नसे. नेमक्या त्याच वेळी मासेमारीला गेलेल्या होड्या परत येत. तुळसा कड्यावर उभी राहून शिंग फुंकायची आणि होड्या त्या आवाजाच्या रोखाने यायच्या. खोल पाणी टेकडीच्या पायथ्याशी होतं. पलीकडे काळा कातळ होता.

गावाची एक रीत होती. टेकडीखालून सुखरूप गेलेल्या होडीने होडीच्या काठावर वल्ह्याने दोनदा ठोकायचं. तुळसा ते ठोके मोजायची. सात होड्या, सात वेळा ठकठक. मग शिंग खाली. दिवसभरात तिच्याशी कोणी बोललं तर ते एवढंच.

शिंग तिच्या वडिलांचं. ते गेले आणि काम तिच्याकडे आलं. नवरा लांबच्या गलबतावर होता, तो यायला अजून वर्ष होतं. लेक नुकतीच रांगायला लागली होती, आणि झोपडीपासून कडा पंधरा पावलांवर. पोरीला कमरेला दोरी लावून खांबाला बांध, असं पाणी भरायला आलेल्या बायकांनी सुचवलं होतं. तुळसाने एकदा दोरी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. शेवटी दोरी फेकून पोरीला कडेवर घेतलं. तेव्हापासून एका हातात पोर आणि एका हातात शिंग.

पण शिंग दोन हातांनी धरायचं होतं. दवाने पितळ निसरडं व्हायचं. ती मूठ आवळायची. मनगट भरून यायचं, हात उतरायचा आणि शिंगाचं तोंड हळूहळू खाली वळायचं. मग आवाज समुद्रावर न जाता कातळावर आपटायचा आणि तिथूनच आल्यासारखा वाटायचा.

एका पहाटे नारू तांडेलाची होडी कातळाला घासली. माणसं वाचली, दोन फळ्या फुटल्या. नारू हा तिच्या वडिलांचा जुना सोबती. तो ओल्या कपड्यांनी टेकडी चढून आला.

"तुळसे, आज शिंग कातळाने फुंकलं काय गं? मी त्यालाच भेटून आलो."

वारं फिरलं असेल, असं तुळसा म्हणाली. धुक्यात वारं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. नारूने तिच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि तो टेकडी उतरला.

चौथ्या दिवशी चपला शिवणारा सटवाजी वर आला. त्याने कातड्याचा एक रुंद पट्टा आणला होता. पट्टा शिंगाला बसवायचा, हात त्याखालून सरकवायचा. शिंग तळहाताला टेकून राहतं, बोटांनी आवळावं लागत नाही.

"नको," तुळसा म्हणाली. "बाबांनी कधी पट्टा लावला नाही."

"त्यांच्या कडेवर पोर नव्हतं," सटवाजी म्हणाला. त्याने पट्टा खुंटीला अडकवला आणि गेला.

खरी गोष्ट वेगळी होती. टेकडीवरची झोपडी शिंग फुंकणाऱ्याची. पट्टा दिसला की गाव म्हणणार, हिला झेपत नाही, दुसरं कोणी बघा. मग ती पोरीला घेऊन जाणार कुठे? गावात असं कोणाच्या मनातही आलेलं नव्हतं. गावाची तसली बैठक तुळसा एकटीच रोज डोक्यात भरवायची, आणि रोज हरायची. तिने कोणाला विचारायला हवं होतं, असं आपण सहज म्हणतो. आपण तरी कुठे विचारतो?

पुढच्या धुक्यात कोणी बघत नाही म्हणून तिने पट्टा लावला. पण शिवण उसवली तर? कातडं भिजून सैल पडलं तर? तिने मूठ पहिल्यासारखीच आवळली. पट्ट्याने शिंग धरलं होतं आणि तिनेही धरलं होतं. हात पहिल्याइतकाच बधिर झाला. पट्टा काही कामाचा नाही, असं तिने ठरवलं. सटवाजीला वाईट न वाटता ते कसं सांगायचं, याची जुळवाजुळवही सुरू केली.

मग दाट धुक्याची एक पहाट आली. पट्टा अजून शिंगालाच होता. ठकठक ऐकू आली, सहा वेळा. सातवी येईना. सगळ्यात शेवटची होडी नेहमी नारूची असायची.

तुळसा फुंकत राहिली. हात उतरू लागला. कातळ तिचाच आवाज तिला परत देऊ लागला, हे तिने ऐकलं. तिने मूठ आणखी आवळली, आणि बोटांनीच साथ सोडली. एकेक करून ती उघडली. शिंग सावरायचं तर पोर सोडावं लागणार होतं. पोर तिने सोडलं नाही. तिने डोळे मिटले आणि शिंग पडायची वाट पाहिली.

शिंग पडलं नाही. पट्ट्याने ते तळहाताला धरून ठेवलं होतं, पहिल्या दिवसापासून ठेवलं असतं तसंच. मनगट मोकळं झालं. हात वर गेला. इतके दिवस मुठीत जाणारा दम शिंगात गेला आणि आवाज लांब, सरळ समुद्रावर गेला. पोर दचकून तिच्या गळ्याला बिलगलं.

बराच वेळ काही नाही. मग खाली, अगदी पायथ्याशी, ठक. ठक.

होड्या गावाकडे गेल्या. माणसांचे आवाज लांब गेले. टेकडीवर पुन्हा त्या दोघीच उरल्या. रोज ती झोपडीत शिरायची. त्या दिवशी ती खाली उतरून सटवाजीकडे गेली.

पट्टा काचतो का, असं सटवाजीने विचारलं.

"पट्टा आधीपासून बरोबरच होता," तुळसा म्हणाली. "माझीच मूठ सुटत नव्हती."

सटवाजीने हातातली चप्पल बाजूला ठेवली आणि पोरीसाठी हात पुढे केले. तुळसा क्षणभर थांबली. मग तिने पोरीला त्याच्याकडे दिलं. दोन्ही हात एकदम रिकामे झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे तिला थोडा वेळ सुचेना.

तात्पर्य: मदत घेणं हे अर्धं काम, तिच्या भरवशावर मूठ सैल करणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त जड.