हिरवी केप

परतवाड्याच्या शर्वाणीला हक्कानं भांडावं असं एकच माणूस होतं, तेही ऑनलाइन गेममधलं. तिची वीजवंती आणि त्याचा तिमिरवीर, ही सुपरहिरोंची जोडी रोज एकत्र लढायची. एके दिवशी तो यायचाच थांबला. त्याचं खरं नाव, गाव, काहीच तिला ठाऊक नव्हतं.

तिनं एका चित्रकाराकडून दोघांचं चित्र काढवून घेतलं आणि खेळाडूंच्या ग्रुपवर टाकलं. अॅडमिन वरदराज म्हणजे ग्रुपचे स्वयंघोषित सरन्यायाधीश. ते लगेच उगवले.

"तिमिरवीराच्या मालकाची परवानगी घेतलीस? आणि त्याची केप जांभळी होती, ही हिरवी कशी? केपच्या रंगावरून तो अख्खा ग्रुप डोक्यावर घ्यायचा, विसरलीस? हे बघून भांडायला आला तर? काढून टाक आधी!"

"सर, चित्रकारानं जांभळीच काढली होती. मी मुद्दाम हिरवी करून घेतली."

"का?"

"‘कसा आहेस’ विचारलं तर तो उत्तर देत नाही. निदान भांडायला तरी येईल."

वरदराजांनी चित्र ग्रुपच्या अगदी वर पिन करून टाकलं, येणाऱ्याला आधी तेच दिसेल असं.