चाकवताची जुडी

एका राज्यात उदयसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या भाजीच्या मळ्याला किल्ल्यासारखी उंच भिंत होती. एके दिवशी त्या भिंतीच्या दाराशी कर्कटक नावाचा मांत्रिक आला. धुळीने माखलेला, भुकेलेला. म्हणाला, "राजा, मूठभर भाजी दे."

"आमच्या मळ्यातले आमच्याच ताटात," राजा म्हणाला.

मांत्रिक काहीतरी पुटपुटला आणि चालता झाला. काय पुटपुटला, ते कोणालाच नीट ऐकू आले नाही.

त्या दिवसापासून राज्यात भाजी शिजेना. घरात आणली किंवा तोंडाला लावली की मुळ्याचा स्फटिक होई, वांग्याचा नीलम होई, पालेभाजीचा पाचू होई. आधी लोक हरखले. मग पोटे रिकामी राहू लागली, तसे घाबरले. भाजी विकायला काढावी, तर ती तराजूतच खडखडे. राजाने रत्ने देऊन परराज्यातून भाजीच्या गाड्या मागवल्या, तर शीव ओलांडताच बैल खाली बसले. गाड्यांतल्या भाजीचे दगड झाले होते. घरोघरी कोरडी भाकर आणि मीठ उरले. माणसांच्या हिरड्या सुजल्या. राजकन्या चित्रांगीला तर दिवेलागणीनंतर दिसेनासे झाले; ती भिंती चाचपत आईला शोधी.

तिची आई राणी पद्मगंधा रानात गेली. तिथे उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येत असे.

"पक्षिराज, उपाय सांगा."

"पेर. वाढव. दे."

"कोणाला देऊ?"

धनेशाने चोचीतले उंबर गिळले आणि डोळे मिटून घेतले.

राणी गोंधळून परतली. तिने मळ्याची भिंत पाडायला लावली.

"भिंत पाडून काय होणार?" राजाने विचारले.

"मलाही ठाऊक नाही, महाराज."

तिने स्वतःच्या हाताने वाफे केले, चाकवत पेरला, पाणी घातले. पहिली जुडी निघाली, ती तिने लेकीला दिली. वाडग्यात हिरवे पाचू वाजले. राणीला काही उमजेना. लेकीला दिले, ते देणे नव्हे?

दुसऱ्या खेपेला तिने नगरातल्या लोकांना बोलावले. जुड्या वाटल्या आणि म्हणाली, "घ्या, आणि माझ्या लेकीसाठी देवाला नवस बोला." लोकांनी माना डोलावल्या. घरी पोचेपर्यंत पदरातल्या जुड्या जड झाल्या. लोकांनी दगड निमूटपणे राजवाड्याच्या दारात आणून ठेवले. कोणी रागावले असते, तर राणीला बरे वाटले असते.

आता एकाच वाफ्यात थोडा चाकवत उरला होता. राणी बांधावर बसून राहिली. इतक्यात सगुणा कुंभारीण तोंडाला पदर लावून जाताना दिसली.

"काय झाले, बाई?"

"हिरड्या ठणकतात, राणीसरकार. भाकर चावत नाही."

राणीने विचार केलाच नाही. वाफ्यातला होता नव्हता तो चाकवत खुडला आणि सगुणेच्या ओटीत घातला. "जा. पातळ करून खा."

"मी बदल्यात काय करू?"

"काही नको. तुझे तोंड दुखते आहे ना?"

थोड्या वेळाने कुंभारवाड्यातून भाजीचा वास आला. लोक धावले. राणीही धावली. सगुणेच्या मडक्यात चाकवत रटरटत होता आणि ती रडत रडत खात होती. राणीला आनंद झाला, आणि वाईटही वाटले. परकीचे तोंड भरते, मग माझ्याच लेकीचे का नाही? विचारावे तरी कोणाला? ती मळ्याकडे परतली.

सगुणेने राणीकडून मूठभर बी मागून नेले होते. काही आठवड्यांनी ती राजवाड्यात आली आणि तिने चित्रांगीपुढे जुडी ठेवली. "आमच्या अंगणातला चाकवत आहे. माझ्या चुलीवर त्याचा दगडच होतो. तुमच्या चुलीवर घालून पाहा."

चाकवत शिजला. चित्रांगी बोटे चाटून जेवली. रोज कोणी ना कोणी तिच्यासाठी काही आणू लागले, आणि हळूहळू तिला दिव्याच्या उजेडात आईचा चेहरा दिसू लागला.

मग नगरभर हेच सुरू झाले. तेलिणीने कोष्ट्यांसाठी दोडके लावले, कोष्ट्यांनी लोहारांसाठी मेथी. राजाकडे गाजरांचा वाफा आला. कोणाची टोपली कोणाच्या दारी न्यायची, याचा त्याला रोज गोंधळ होई. तो टोपली चुकीच्या घरी ठेवून येई. त्या घरचे लोकही ती आनंदाने घेत.

असे करता करता एका दुपारी गाजरे उपटताना राजाला भूक लागली. नकळत त्याने एक गाजर उपरण्याला पुसले आणि कचकन चावले. मग एकदम आठवले, हे तर आपणच लावलेले! तो तसाच थांबला. दात मोडण्याची वाट पाहू लागला. तोंडात नुसता गोड रस होता.

"राणी!" तो ओरडला. "शाप सुटला! कधी सुटला?"

राणी शेजारच्या वाफ्यात जुड्या बांधत होती. तिने मान वर केली.

"कोण जाणे, महाराज," ती म्हणाली. "आपलीच भाजी आपल्या चुलीवर ठेवून पाहायला इतके दिवस कोणाला सवडच झाली नाही."